भिंतीवर लाल झेंडा, टेबलावर क्रॅक मारलेलं विंडोज

प्रति,
महाराष्ट्रातल्या डाव्या पक्षांचे, कामगार-शेतकरी-आदिवासी संघटनांचे आणि पुरोगामी संस्थांचे सर्व पदाधिकारी

कॉम्रेड्स आणि साथींनो,

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका संघटनेच्या जिल्हा कार्यालयात बैठक झाली. विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकाला कार्यालयातल्या कॉम्प्युटरांबद्दलचा माझा अर्ज होता. पहिले आठ विषय संपेपर्यंत संध्याकाळचे साडेसात वाजले, दोघा-तिघांची शेवटची एसटी निघायच्या बेतात होती, आणि इतिवृत्तात एक ओळ पडली: ‘कॉम्प्युटरबाबत सध्या आहे ती व्यवस्था चालू ठेवावी.’ आहे ती व्यवस्था म्हणजे नेमकी कोणती, ते त्या ओळीत नाही. म्हणून मी लिहितो.

आहे ती व्यवस्था म्हणजे तीन असेंबल केलेले डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. चारहींवर क्रॅक मारलेलं, म्हणजे परवाना न घेता कुलूप तोडून चालवलेलं विंडोज. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद, आणि अपडेट आलं की क्रॅक उडतो म्हणून अपडेटही बंद. पासवर्ड एकच, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला: ‘लालसलाम’ आणि पुढे एक-दोन-तीन. (हे पत्र छापून येण्याआधी तो बदलाल अशी आशा आहे.) बॅकअप म्हणजे सचिवांच्या खिशातला पेन ड्राइव्ह. तोच पत्रक छापायला डीटीपीवाल्याकडे जातो, तोच मोर्च्याचे फोटो आणायला स्टुडिओत जातो, आणि जिथे जिथे जातो तिथलं काहीतरी घेऊनच परत येतो.

मी एका संघटनेचं वर्णन करतोय, पण हे वाचताना तुमच्यातले बरेच जण मनात म्हणतील, आमचंच लिहिलंय. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आधी माझी ओळख. जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. वडील जिनिंग फॅक्टरीत हमाल होते. त्यांच्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आईने अजून पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात, लग्नपत्रिकेच्या शेजारी. मी स्वतः कुठल्याच पक्षाचा सभासद नाही. पण मोर्च्याच्या आदल्या रात्री प्रिंटर अडला की फोन मलाच येतो, आणि मी जातो. एक कबुलीही देऊन टाकतो. पहिली दहा-बारा वर्षं मी स्वतः तीनशे रुपयांत विंडोज टाकून द्यायचो, ऑफिस आणि फोटोशॉप फुकटात. तुमच्या कार्यालयातल्या पहिल्या मशीनवरचा क्रॅक माझ्याच हातचा आहे. दगड मारायला उभा राहिलेला मी काही निष्पाप नाही.

मग आता एवढा जीव का तोडतोय? एका पावतीमुळे.

2022 च्या पावसाळ्यात कार्यालयातल्या एका उत्साही पोराने वर्ड ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला कुठूनसा अ‍ॅक्टिव्हेटर उतरवला आणि चालवला. वर्ड सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. नावं तीच, पण प्रत्येकाच्या शेपटाला चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजी चिठ्ठी: 980 डॉलर द्या, तीन दिवसांत दिलेत तर 490. हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. आमच्या धंद्यात हा प्राणी सगळ्यांच्या ओळखीचा आहे, ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ म्हणतात त्याला. तो येतोच मुळी क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरच्या पाठीवर बसून. काही वेळा त्याची कुलपं सुटतात. ज्यांना ऑनलाइन किल्ली, म्हणजे चोराच्या सर्व्हरवरून आलेली वेगळी किल्ली, लागलेली असते ती सुटत नाहीत. आपल्याला ऑनलाइन लागली होती. मी अकरा दिवस बसलो होतो त्या हार्ड डिस्कपुढे.

त्या डिस्कवर अकराशे-बाराशे वनहक्क दाव्यांचे कागद होते. त्यातले अर्धेअधिक मीच स्कॅन केलेले. तुम्हाला कायदा शिकवायची गरज नाही, तुम्हीच लढून आणलात: 2006 चा वनहक्क कायदा, आणि आदिवासीने दाखवायचं की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपण कसतो. दाखवायचं कशाने? तर बऱ्याचदा वनखात्यानेच पूर्वी ठोठावलेल्या दंडाच्या पावतीने. ज्या कागदाने एकदा गुन्हेगार ठरवलं, तोच आता मालकीचा पुरावा. एका आजीची अशी 1994 ची पावती होती. युरियाच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचून ठेवलेली, चुलीच्या धुराने तपकिरी पडलेली. घडी उलगडताना तिचे चार तुकडे होतील म्हणून मी पंखा बंद केला होता. स्कॅनरच्या काचेवर ती मांडून वर दुसरी काच ठेवली, 600 डीपीआयवर स्कॅन केलं, नाव नीट टाकून ठेवलं. पुढे मूळ पावती दाव्याबरोबर उपविभागीय समितीकडे गेली आणि तिथेच कुठेतरी गहाळ झाली. म्हणजे त्या पावतीची जगातली एकमेव प्रत आपल्या कार्यालयातल्या त्या मशीनवर होती.

वर्षभराने आजी बाजाराला आली तेव्हा दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, “भाऊ, माझा कागद हाय ना त्या डब्यात?” मी हो म्हणालो. कार्यालयातल्या कोणीही तिला खरं सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगता आलं नाही.

ही माझी पहिली तक्रार आहे आणि बाकीच्या तिच्या पोटातल्या आहेत. तुमच्या मशीनमध्ये जे आहे ते तुमचं नाही. सभासदांची यादी, संपावर गेलेल्यांची नावं, घरकामगार बायकांचे आधार क्रमांक, छळाच्या तक्रारी, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार. लोकांनी हे सरकारला दिलं नाही, मालकाला दिलं नाही, तुम्हाला दिलं. विश्वासाने दिलेला ऐवज आपण कुलूप नसलेल्या पेटीत ठेवलाय आणि पेटी चव्हाट्यावर.

दुसरी तक्रार विचारांची आहे, आणि ती करताना मला थोडं हसूही येतं. क्रॅक विंडोज वापरणं हे कार्यकर्त्यांना बंडासारखं वाटतं. ‘अमेरिकन कंपनीला कशाला पैसे द्यायचे?’ असं एक जण मला छाती पुढे काढून म्हणाला होता. आता कंपनीचं काय म्हणणं आहे ते ऐका. 1998 मध्ये बिल गेट्स वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे चीनबद्दल बोलताना सरळ म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरावं; त्यांना त्याची सवय लागेल आणि पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू. तंबाखूची पहिली पुडी फुकट मिळते ना, तसं. आपण पंचवीस वर्षं ती पुडी मळतोय आणि त्याला साम्राज्यवादविरोध म्हणतोय. याच गेट्सनी जानेवारी 2005 मध्ये सॉफ्टवेअरवरची मक्तेदारी सैल करा म्हणणाऱ्यांना ‘नव्या जमान्याचे कम्युनिस्ट’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. त्यांना असले कम्युनिस्ट दिसले, पण आपल्या कार्यालयांत मला ते अजून भेटायचेत.

खरं तर मुक्त सॉफ्टवेअरवाले कम्युनिस्ट नाहीतच. रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती हातातला प्रोग्रॅम वाचता, बदलता, वाटता आला पाहिजे या हट्टाने, वर्गसंघर्षासाठी नाही. लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहायला घेतला तो हौसेने. आणि आज लिनक्सवर पोट भरणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्या आहेत. रेड हॅट ही त्यातलीच एक कंपनी विकत घ्यायला आयबीएमने 34 अब्ज डॉलर मोजले. तेव्हा लिनक्स टाकलं की समाजवाद आला असलं भाबडं काही मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की त्याच्या परवान्यात एक अट आहे: यात सुधारणा करून तुम्ही दुसऱ्याला दिलंत तर सुधारलेलाही मूळ कोड द्यावा लागेल, सगळ्यांसाठी खुला. गावाच्या गायरानासारखं. कोणीही गुरं चारावीत, कुंपण कोणी घालायचं नाही. गायरान वाचवायला तुम्ही तहसीलवर मोर्चे काढता. हे गायरान आयतं मोकळं पडलंय, तर तिकडे ढुंकून बघत नाही.

एक काळ असा होता की डाव्यांचं यंत्राबद्दल काही म्हणणं तरी होतं. बँकांत, विमा कंपन्यांत कॉम्प्युटर येऊ घातले तेव्हा संघटना आडव्या पडल्या. 1983 मध्ये बँक संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणावर रीतसर करार केला, किती यंत्रं, कुठे, कशासाठी. त्यातलं काही चुकलं असेल, लोक आजही त्यावरून टोमणे मारतात. पण ‘हे यंत्र कोणाच्या ताब्यात राहणार’ हा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. आज यंत्र टेबलावर येऊन बसलं, तर प्रश्नच गायब.

तिसरी तक्रार. इथे मला जरा सावकाश लिहू द्या, कारण ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मी तुमच्यातल्या किती जणांच्या तोंडून ऐकलंय याची गणती नाही.

एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात आरोपी असलेले कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी 17 एप्रिल 2018 रोजी जप्त केला. त्यातली पत्रं हा आरोपांचा मोठा आधार होता. बचाव पक्षाने डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक संस्थेकडे तपासायला दिली. फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आलेला तिचा अहवाल सांगतो की जून 2016 मध्ये ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली जोडपत्रं उघडली गेली, त्यातून नेटवायर नावाचा मालवेअर, म्हणजे दुरून मशीनचा ताबा देणारा घातक प्रोग्रॅम, आत शिरला, आणि पुढचे जवळपास 22 महिने कोणीतरी दुरून त्या लॅपटॉपमध्ये वावरत होतं. आक्षेपार्ह पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून आणून ठेवली गेली, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. त्यातला एक बारकावा माझ्यासारख्या मेकॅनिकच्या डोक्यातून जात नाही: त्या लॅपटॉपवर वर्ड होतं 2007 चं, आणि पत्रांच्या पीडीएफ बनवलेल्या होत्या वर्ड 2010 किंवा 2013 मधून. म्हणजे जो प्रोग्रॅम त्या मशीनवर नव्हताच, त्यात बनलेली पत्रं. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरबद्दलही तसाच अहवाल आला.

पुढे हा तपास ज्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला त्या एनआयएला हे अहवाल मान्य नाहीत, ते आरोपपत्राचा भाग नाहीत असं तिने उच्च न्यायालयात सांगितलं आहे, आणि खरं-खोटं खटल्यात ठरेल. मी न्यायाधीश नाही. पण विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी 2025 मध्ये, अटकेनंतर साडेसहा वर्षांनी. तेव्हा लपवण्यासारखं काही नाही, कबूल. पण रात्रीतून कोणी अंगणात काही पुरून गेलं तर ते आपण पुरलं नाही हे कशावरून दाखवणार? सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड, वर्षानुवर्षं अपडेट नाही, त्यात कुठून आला कोण जाणे असला क्रॅक. अशा मशीनबद्दल उद्या कोर्टात कोणता तज्ज्ञ छातीठोकपणे काय सांगू शकेल?

इथे लिनक्सवाल्या मित्रांनाही चार शब्द सुनावतो, कारण त्यातले काही जण लिनक्स म्हणजे कर्णाची कवचकुंडलं असल्यासारखं बोलतात. ज्या नेटवायरचं वर सांगितलं, त्याची लिनक्सवर चालणारी आवृत्तीही होती. ओळखीच्या नावाने आलेलं जोडपत्र डोळे मिटून उघडणारा माणूस कुठल्याही मशीनवर सापडतो. आणि मार्च 2024 चं एक्सझेड प्रकरण आठवा. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेली. ती सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, थकलेला. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ गोडीगुलाबीने मदत करत राहिलं, दुसऱ्या खोट्या नावांनी त्या थकलेल्या माणसावर दबाव आणला गेला, शेवटी किल्ल्या हातात घेतल्या आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपलं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. अर्धा सेकंद! त्याने खोदत नेलं आणि 29 मार्चला जगाला सांगितलं. (हा गडी नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. देवाला विनोद कळतो.)

या गोष्टीतून दोन गोष्टी निघतात. कोड उघडा होता म्हणून एका बाहेरच्या माणसाला शंका येताच मुळापर्यंत जाता आलं. बंद कोडात त्याला कंपनीला तक्रार पाठवून वाट बघत बसावं लागलं असतं. आणि दुसरी खास तुमच्यासाठी: भगदाड पडलं ते फुकटच्या श्रमात. सगळं जग ज्याच्यावर चालतं ते काम एक माणूस पगाराविना करतो आणि अब्जावधींच्या कंपन्या ते आयतं वापरतात. वेठबिगारीवर तुम्ही इतकी पुस्तकं वाचलीत, हे प्रकरण एकाही अभ्यासवर्गात कसं आलं नाही?

अपडेटचं थोडक्यात सांगतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार उडवला. ते ज्या भोकातून शिरलं ते मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच बुजवलं होतं. सापडले ते अपडेट न केलेले. केरळातल्या काही पंचायत कार्यालयांतल्या विंडोज मशीनही त्यात गेल्या. आता विंडोज 10 चं मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलंय. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आपल्या कार्यालयांत आहेत तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री. त्यावर अटी चुकवून विंडोज 11 बसवणारे महाभाग आहेत, तुमच्या त्या कार्यालयातही गेल्या महिन्यात एकाने बसवलंच. त्याच मशीनवर लिनक्स मिंट चार जीबी रॅममध्ये सुखाने चालतं. मी एसएसडी टाकून दाखवलंही होतं. ‘छान आहे’ म्हणालात.

‘हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं’ असं म्हणणार असाल तर केरळकडे बघा. तिथल्या शाळांचा आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प 2001 मध्ये सुरू झाला, पुढे तो पूर्णपणे लिनक्सवर गेला, आणि सरकारं डाव्यांची आली काय, काँग्रेसची आली काय, धोरण टिकलं. 2019 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली त्यांची स्वतःची आवृत्ती दोन लाखांहून जास्त शालेय कॉम्प्युटरांसाठी आली; परवान्यांचे सुमारे 3000 कोटी रुपये वाचल्याचं तिथली सरकारी संस्था सांगते. मास्तरांनी ते केलं. आपल्याकडेही 2001 मध्येच एमएस-सीआयटी आलं, आणि एका पिढीच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड हे समीकरण बसलं. एकाच वर्षी दोन राज्यांनी दोन रस्ते धरले.

अपयशही सांगतो. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांची मनधरणी करायला धावले होते. दहा वर्षांत सुमारे 15,000 मशीन बदलली. मग सत्ता बदलली, महापौर बदलला आणि 2017 मध्ये विंडोजवर परतायचा ठराव झाला. तिथल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने 2024 मध्ये 30,000 कॉम्प्युटर लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलचं काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर) आणि लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं. तिथे मुख्यमंत्री उजव्या पक्षाचे. आणि आपल्याकडे? 2023 च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोज काढून उबुंटूवर बेतलेली ‘माया’ बसवत असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ज्यांना तुम्ही रोज शिव्या घालता त्यांनाही हे कळलं की परक्याच्या ताब्यातल्या यंत्रावर आपली गुपितं ठेवू नयेत. जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टने गुजरातेत रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. नायराकडे वकिलांची फौज होती. बीडी कामगारांच्या युनियनकडे काय आहे?

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. खरं आहे. हिशेबाचं एक मशीन विंडोजवर ठेवा, पण परवाना विकत घेऊन, आणि त्यावर दुसरं काही करू नका. पत्रकं पेजमेकरमध्ये होतात. हेही खरं, आणि मला सगळ्यात जास्त दुखतं ते हेच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. त्यात युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटात टाइप केलेली तुमची वीस-पंचवीस वर्षांची मुखपत्रं, अधिवेशनांचे ठराव, शाहिरांची गाणी आज दुसऱ्या मशीनवर उघडली की काय दिसतं? ‘दुष्काळ’ या शब्दाच्या जागी कंस, टक्के आणि उलटी प्रश्नचिन्हं. आपलाच इतिहास आपल्याला वाचता येईना. पेजमेकरचं काम करणाऱ्या स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आता देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने बनवलेला ‘मुक्त’ नावाचा फाँट तर खुल्या परवान्यावर कोणालाही मिळतो. शिकायला डीटीपीवाल्या पोराला पंधरा दिवस लागतील, तो कुरकुर करेल, पहिल्या दोन पत्रकांत ओळी सरकतील. सरकू देत.

आता मागण्या. पैशाच्या नाहीत, ठरावाच्या आहेत.

1. येत्या सहा महिन्यांत तुमच्या कुठल्याही कार्यालयात क्रॅक मारलेलं एकही सॉफ्टवेअर राहणार नाही असा लेखी ठराव करा. विंडोज हवंच असेल तर विकत घ्या. नसेल तर लिनक्स.

2. सभासदांचे कागद ज्या डिस्कवर आहेत ती कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय कोणालाही वाचता येणार नाही अशी, आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवा. विंडोज 11 च्या घरगुती आवृत्तीत तिची एक प्रत सहसा कंपनीच्या खात्यात जाऊन बसते. लिनक्स बसवतानाच एका खुणेवर टिक केली की हे काम होतं. तो पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत, मॉनिटरवर नाही. ज्याचा त्याचा वेगळा लॉगिन. बाकीचे पासवर्ड साठवायला कीपासएक्ससी हा मुक्त प्रोग्रॅम.

3. बॅकअपच्या दोन प्रती, वेगवेगळ्या इमारतींत, आणि काम झालं की केबल काढलेली. जोडून ठेवलेला बॅकअप रॅन्समवेअर पहिला खातो. दर तीन महिन्यांनी एक फाइल परत उघडून बघायची आणि तसं इतिवृत्तात लिहायचं.

4. कार्यकर्त्यांच्या शिबिरात दोन तास जप्तीबद्दल ठेवा. मशीन नेलं तर पंचनाम्यात हॅश लिहून मागायचा. हॅश म्हणजे डिस्कवरच्या मजकुराचा अंगठा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशला जागा आहे. आपल्या वकिलांकडून हे नीट समजून घ्या, माझं ऐकून थांबू नका.

5. वर्षाच्या वर्गणीतून जमेल तेवढी रक्कम, पाचशे का असेनात, ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करता त्याच्या करणाऱ्यांना पाठवा. नाहीतर लिबरऑफिसच्या मराठी भाषांतराला एक माणूस द्या. तिथल्या काही मेन्यूंचं मराठी वाचून हसावं की रडावं कळत नाही, आणि मराठीचे इतके प्राध्यापक तुमच्याकडे बसलेत.

6. दावे, अर्ज, पुरावे यांतलं काही गहाळ झालं असेल तर ज्याचं त्याला जाऊन सांगा. 2022 मध्ये काय गेलं याची यादी माझ्याकडे आहे, नावानिशी, गावानिशी. दंडाच्या पावत्यांची स्थळप्रत वनखात्याच्या रेंज ऑफिसात असू शकते, माहितीच्या अधिकारात मागता येते. आजीच्या पावतीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. अर्जदाराच्या सहीसाठी कोणीतरी पाड्यावर जायला हवं, आणि जाताना तिला खरं काय ते सांगायला हवं. हे काम मी एकट्याने करणार नाही. तुमच्यातला एक जण बरोबर पाहिजे.

पुढच्या बैठकीत हा विषय नववा नको, पहिला घ्या. रविवारी सकाळी दहा ते एक दुकान गिऱ्हाइकाला बंद असतं, ते तीन तास संघटनांच्या मशीनसाठी मोकळे ठेवतोय, मजुरी नाही. एका वेळी दोन मशीन आणा. येताना आतलं सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून आणा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर विसरू नका. मागच्या वेळी तिघे जण विसरले होते.

आपला,
एसटी स्टँडसमोरचा कॉम्प्युटरवाला